छताखाली पाठ टेकताना

त्र्याण्णवच्या भूकंपात पंचशीलाच्या अंगावर दगडमातीची भिंत आली, तेव्हा ती सहावीत होती. लोकांनी ओढून काढलं म्हणून जगली. पण कंबर कायमची दुखरी झाली, आणि उताणं पडून वर छताकडं बघायची धास्ती मनात बसली ती बसलीच. पुढं लग्न झालं, लेकरं झाली, तरी ती कुशीवरच झोपायची.

लातुरात शिकवण्या फोफावल्या, तशी तिनं शिकायला आलेल्या मुलींसाठी खाणावळ काढली. एका सकाळी भाताचं पातेलं उचलायला वाकली ती सरळच होईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ऑपरेशन नको. पण कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर किती दिवस काढणार? पोटापाठीचे स्नायू बळकट करा." त्यांनीच तिला योग शिकवणाऱ्या सालेहाकडं पाठवलं.

सालेहानं स्वतःच्या कमरेभोवती हात फिरवून दाखवला. "ताई, पोट म्हणजे नुसतं वरवर दिसतं तेवढंच न्हाई. आत स्नायूंचा रुंद पट्टा हाय, पोटावरून पाठीपर्यंत. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचे स्नायू, मागं मणक्याला धरून बसलेले बारके स्नायू. हे सगळे मिळून कंबर सांभाळतात. तुमचे सुस्तावलेत. गुडघे मोडून उताण्या झोपा बरं."

पंचशीला झोपली. वर स्लॅब दिसला आणि तिचा श्वास अडकला. ती धडपडत उठली, चपला घालून थेट घरी आली. दिवसभर स्वतःवरच चिडून पोळ्या लाटत राहिली. भीतीपायी कंबर घालवायची काय?

दुसऱ्या दिवशी ती परत दारात उभी. "मॅडम, छताखाली उताणं मला जमत न्हाई. दुसरं सांगा, पण सांगा."

सालेहानं तिला हातगुडघ्यांवर उभं केलं. श्वास सोडत बेंबी आत, मग एक पाय मागं, विरुद्ध बाजूचा हात पुढं. पंचशीला थरथरायला लागली.

"थरथरू द्या. श्वास तेवढा रोखू नका."

तेव्हा तिला कळलं, जोर लावताना आपण श्वास कोंडून धरतो. ढिगाऱ्याखाली धुळीत धरला होता तसाच.

रोज पहाटे खाणावळीच्या गच्चीवर तिचा सराव चालला. पाठ ठणकली तर कमी करायची, बंद नाही. मोकळ्या आभाळाखाली पाठ टेकायला लागली, मग जिन्यावरच्या पत्र्याखाली. एक दिवस सालेहाकडं जाऊन ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, आज आत."

सालेहा उशाशी बसली. पंचशीलानं वर पाहिलं. छत तिथंच होतं. तिनं श्वास सोडला, पोट आत घेतलं आणि सेतुबंधासनात कंबर उचलली. डोळ्यांतलं पाणी कानात ओघळलं.

"उतरा आता, ताई."

"थांबा. अजून दम हाय."

दुखणं सगळं गेलं नाही. जड पातेलं ती आजही कुणाला तरी सोबत घेऊनच उचलते. पण कमरेचा पट्टा सुटला. वाकून वाकून अभ्यास करणारी खाणावळीतली धम्मप्रिया एकदा जेवताना पाठ चोळत बसली, तेव्हा पंचशीलानं दुपारी टेबलं भिंतीला लावली आणि सतरंजी अंथरली.

"ये गं," ती म्हणाली, "पुस्तक ऱ्हाऊ दे थोडं. आधी श्वास सोड."