बाईंचा हात फिरलेला लेख

बाईंचा पाय एका जागी ठरत नसे. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलांना छापण्याजोगं लिहायला शिकवणं हे त्यांचं काम, तेही त्या खोलीत फेऱ्या मारतच करत. मुलानं लेख वाचायला घेतला की दुसऱ्या ओळीलाच त्यांचे हात शिवशिवू लागत. "आण इकडे," म्हणत कागद ओढून घेत आणि वाक्यच्या वाक्य नव्यानं लिहून देत. मुलं पाठीमागे त्यांना कात्री म्हणत, पण दाराशी गर्दीही करत. बाईंचा हात फिरलेला लेख हमखास छापून येई. रस्त्यानं जातानाही त्या चुका काढत; नवरा म्हणे, "अगं, दुकानांच्या पाट्या तरी सोड."

एके दिवशी एका संशोधन-नियतकालिकाच्या संपादकांचा फोन आला. "बाई, तुमच्या तीन विद्यार्थ्यांचे लेख आलेत. विषय वेगळे, पण भाषा एकाच माणसाची. कुणी लिहून देतं का हो? खुलासा होईपर्यंत मी एकही छापणार नाही."

बाईंची कानशिलं तापली. लिहून देतं म्हणे! तावातावानं त्यांनी तिन्ही लेख काढले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. सुरुवात सारखी, शेवटची कोपरखळीसुद्धा सारखी. मुलं त्यात औषधालाही नव्हती.

दोघांना घाई नव्हती. तिसरीचा लेख मात्र या महिन्यात स्वीकारला गेला नाही, तर तिचा प्रबंधच अडकणार होता, आणि घरचे आधीच 'पुरे झालं शिक्षण' म्हणत होते. बाईंनी फोन लावला. "लिहून देणारी मीच."

"मग तिचा पहिला खर्डा पाठवा," संपादक म्हणाले. "तो बघून ठरवतो."

मुलगी धावत आली. खर्ड्याचं ऐकून गोंधळली. "तो मी फाडून टाकला, बाई. तुम्ही दिलेलं वाचलं, तेव्हा वाटलं, आपलं ते काही लिहिणंच नव्हतं."

बाईंनी कोरे कागद तिच्यापुढे सरकवले. "बस. पुन्हा लिही."

पण ओळ संपली की मुलगी वर बघे. "हे चालेल?"

"मला विचारू नकोस."

"पण तुम्हाला आवडेल असं..."

"ते सोड गं! रुग्णालयात ताटकळणाऱ्या नातेवाइकांवरच का लिहावंसं वाटलं तुला?"

"ते तुम्ही खोडलं होतंत. संशोधनात स्वतःचं नको म्हणून." मुलगी म्हणाली. "बाबा आत होते. मी बाहेर बाकावर. कुणी काही सांगेना. शेजारच्या आजींना विचारून विचारून मी ते दिवस काढले."

बाईंना यातलं काहीच आठवेना. खोडलेलं त्यांना कधी आठवतच नसे. 'विचारून विचारून' मात्र आताही खटकलं. त्यांनी दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले.

"असंच लिही," त्या म्हणाल्या.

मुलगी लिहू लागली. ओळ संपली, दुसरी संपली, पान भरत आलं. तिनं मान वर केली नाही. बाई दाराशी उभ्याच होत्या, ती काहीतरी विचारील म्हणून.