चिरा न पडलेली भाकर

माझी आई सोजराबाई साऱ्या घराचा स्वयंपाक करायची, पण गहू आणि दूध-तूप तिला चालत नसे. खाल्लं की पोट फुगायचं, जुलाब लागायचे, बाई आठ-आठ दिवस आडवी. चिखलीच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही सोड. तिनं सोडलं. तिच्यापुरती ज्वारीची भाकर, तेलात फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पोळ्याला आम्ही पुरणपोळी तुपात बुडवून खायचो, ती नुसतं पुरण भाकरीवर घ्यायची.

गावाला हे नखरे वाटायचे. सत्यभामाआत्या देऊळगाव राजाहून माहेरी आली की मग तर विचारूच नका! "माह्या भावाले खुळं बनवलं इनं. कसलं पोट अन् कसलं काय!"

पण बाप, गुलाबराव, तिच्या बाजूचा. गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असलं तर ते आपल्या पिठात उतरतं, म्हणून तो डबा घेऊन दोन-दोन तास बसायचा. दुसऱ्यांची ज्वारी दळून झाली की मग म्हणायचा, "आता टाक बे आमचं." लोक त्याला बाईलवेडा म्हणायचे. आई म्हणायची, "जग काही बोलो, माह्या माणसाले माहीत हाये." याच भरवशावर तिचा संसार चालला होता.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली पोळ्याला आत्या आली, सणाच्या गडबडीत आईची भाकर मी थापायची, आणि सण सरल्यावर आईचं पोट बिघडलं. आत्या ओसरीवरून ओरडली, "पाह्य, ज्वारी खाऊन बी दुखते. सोंग हाये सारं!" आईलाही काही कळेना. चौथ्या दिवशी ती कशीबशी उठून चुलीपुढं बसली.

डब्याच्या तळाशी उरलेलं पीठ पंधरा दिवसांचं होतं. ज्वारीच्या जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही. गरम पाण्यात मळलं तरी थापताना कडेला चिरा पडतात. त्या दिवशी भाकर गोल फिरत गेली, एक चीर नाही. आई थांबली. दुसरी थापली. तीही तशीच.

"पिठात गहू कोणं टाकला?"

आत्या उठून मागच्या दारी गेली. मी म्हणाले, आत्यानंच. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती बापाकडं पाहत होती, आणि तो मान खाली घालून बसला होता.

"म्या टाकला. दोन मुठी," तो म्हणाला. "सारे हसतेत मले. एकदा पाहाचं होतं, खरंच होते का म्हून."

"पह्यल्याच दिवशी दिसलं ना तुमाले? मंग तीन दिवस काऊन बोलले नाही? तेच पीठ मी खाऊन राह्यली होती."

"चुकलं माह्यं, विमलची माय."

"तुमच्या बहिणीनं टाकलं असतं तर मी रडून मोकळी झाली असती," आई म्हणाली. "तुमी टाकलं."

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. त्या तीन दिवसांचा राग माझ्या मनातून जात नाही.

आईनं ते पीठ गाईला घातलं आणि माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. पुढं घराच्या पोळ्या केल्या, बापाच्या ताटात तूप वाढलं, सगळं केलं. पण स्वतःची ज्वारी स्वतःच दळायची. ती दळायला बसली की बाप समोर येऊन खुंट्याला हात लावायचा. आई आपला हात काढून घ्यायची आणि बसून राहायची. तो उठून गेला की मगच जातं फिरायचं. तो मरेपर्यंत, बावीस वर्षं.