खडूसचं एक वाक्य

लशीच्या कारखान्यात तो शास्त्रज्ञ होता. एकतीस वर्षं गोवराच्या लशीची प्रत्येक खेप त्याने स्वतः तपासली. नुसती शंका आली तरी हजारो कुप्या नष्ट करायला लावायचा. सहकारी त्याला 'खडूस' म्हणायचे आणि ते त्याला आवडायचं. प्रमुखाची खुर्ची मात्र त्याच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

तो निवृत्त झाला आणि वर्षभरात गोवराची नवी लस आली. एका मुलाखतीत तो बोलून गेला, "ही लस मुलांच्या मेंदूवर जाते." चाचण्यांचा एकही कागद त्याने पाहिला नव्हता. ते वाक्य घरोघरी फोनवर फिरलं. लोक रस्त्यात थांबवून त्याचे आभार मानू लागले, तशी त्याची कॉलर ताठ झाली. धाकटी बहीण लसीकरण केंद्रात नर्स होती. तिने दोनदा बजावलं, त्याने उडवून लावलं.

मंगळवारी सकाळी जमाव केंद्रात घुसला. लशीची शीतपेटी फोडली, धाकटीला केसांना धरून पायऱ्यांवरून फरफटत आणलं आणि लोखंडी गज तिच्या तोंडावर घातला. जबड्याचे तीन तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात तिच्या उशाशी बसला. तिला बोलता येत नव्हतं. तिने कागदावर लिहिलं, 'दादा, मारताना ते तुझंच वाक्य म्हणत होते.'

केंद्र पेटवायला माणसं पुन्हा जमल्याचं कळताच तो तिथे गेला आणि पायरीवर चढला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "काहीच तपासलं नव्हतं. खुर्ची गेली, त्याचा राग काढला."

आदल्या आठवड्यात आभार मानताना त्याचा हात धरून रडलेला एक शिंपी पुढे आला. "कोणी फितवलं तुला?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता त्याने शास्त्रज्ञाच्या तोंडावर वीट हाणली. शास्त्रज्ञ पडल्यावर बाकीच्यांनी त्याला लाथांनी तुडवलं. पोलीस पोचेपर्यंत चार बरगड्या मोडल्या होत्या आणि डावा डोळा कायमचा गेला होता.

केंद्र तीन महिने बंद राहिलं. तेवढ्या काळात आसपासच्या गल्ल्यांत नऊ मुलं गोवराने दगावली. शिंप्याची नातही त्यातच गेली.

केंद्र उघडलं तशी धाकटी वाकड्या जबड्याने कामावर रुजू झाली. तिचा दादा दाराशी बसून प्रत्येक आईला समजावायचा, लशीनंतर ताप किती चढेल, कधी उतरेल. काहीजणी ऐकायच्या, काही थुंकून जायच्या. दुपारी धाकटी त्याच्यापुढे डबा ठेवायची आणि आत जाऊन एकटी जेवायची.