भामावहिनीचा ओटा

भामावहिनीच्या तोंडाला लगाम नाही आणि कोयत्याला धार आहे. पनवेलच्या मासळी बाजारात घासाघीस करणाऱ्याचा ती आधी बाप काढते, मग पापलेट देते. मी वकील आहे. कोर्टात न्यायाधीशांना घाबरत नाही, हिला घाबरतो.

ती मूळची उरणजवळच्या करंजा बंदरातली. लग्न होऊन पनवेलजवळच्या विचुंब्याला दाजींच्या, म्हणजे नवऱ्याच्या घरी आली, आणि सासूने हाताला धरून तिला बाजारातल्या आपल्या मासळीच्या ओट्यावर बसवलं. या घरांमध्ये ओटा सासूकडून सुनेकडे जातो. दाजी काय करतात? घरच्या शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिल्यापासून ते कमिट्यांवर असतात. बाजारावरही एक सरकारी समिती आहे, तिच्यातही ते आहेत. तिचं पूर्ण नाव सांगत नाही, मला अजून इथेच मासे खायचे आहेत.

मागच्या वर्षी वलसाडची हेतल करंजाड्यात भाड्याने राहायला आली आणि वहिनीशेजारच्या रिकाम्या ओट्यावर बसली. गुजरातच्या बोटींची मासळी, भाव कमी, वर गिऱ्हाइकाशी गोड बोलणं. हे गोड बोलणं वहिनीला सर्वात जास्त झोंबलं. तिने घरी दाजींचं डोकं खाल्लं, आणि समितीने एकमताने नियम केला: ओटा फक्त पनवेल तालुक्यात जन्मलेल्यालाच.

मी तिला समजवायला गेलो. "वहिनी, जन्म कुठे झाला एवढ्यावरून सरकार माणसामाणसात फरक करू शकत नाही, असं संविधान सांगतं. देशातल्या माणसाला देशात कुठेही धंदा करता येतो. वाजवी बंधनं घाला, पण 'तू परराज्यातली, चालती हो' हे वाजवी नाही."

"तुमचा संविधान माझ्याकडून मासली घेतो काय?" वहिनी म्हणाली. "नाय ना? मंग सरका, मागं गिऱ्हाईक हाय."

समितीचा माणूस तपासणीला आला. त्याने हेतलला विचारलं, जन्म कुठला? वलसाड. ऊठ. मग वहिनीला विचारलं.

"करंजा," ती ठसक्यात म्हणाली, आणि कोयता हवेतच थांबला. करंजा उरण तालुक्यात. पलीकडची आशालता अलिबागकडची, तिच्यापलीकडची दमयंती रेवसची. मासळीची जाण असलेली सून हवी म्हणून ही घरं सुना बंदरावरूनच आणतात. अख्खी ओळ बाद झाली. समितीतल्या एकाही पुरुषाला हे सुचलं नव्हतं, आणि बहुतेकांच्या घरात अशी एक तरी बाहेरची होती.

समितीने तोडगा काढला: ओटे नवऱ्यांच्या नावावर करा. दुसऱ्या दिवशी दाजी ओट्यावर बसले आणि सुरमईच्या अंगावर नसलेले खवले शोधू लागले. बाजार हसला. वहिनी मागे बर्फाच्या खोक्यावर बसून रडत होती.

"इतकी वर्सं झाली, अजून मी बाहेरची?" ती म्हणाली. मला लाज वाटली, आणि समितीचा भयंकर राग आला.

मी सगळ्यांच्या वतीने हरकत घेतली. समितीपुढे वहिनी आणि हेतल शेजारीशेजारी उभ्या होत्या. मी कलमं सांगितली, तेव्हा अध्यक्ष सत्यजीतराव जांभई देत होते. हायकोर्टाचं नाव काढल्यावर जांभई मिटली.

"ठीक आहे, सुनांना सूट देऊ," ते म्हणाले. "भामावहिनी, तुम्ही आमच्याच. नियम फक्त हिच्यासाठी ठेवू."

वहिनीला ओटा परत मिळत होता आणि हेतल जात होती. पहिल्या दिवसापासून तिला हेच तर हवं होतं.

"तुमी मना वाजतगाजत आनलाव, तवा आमचीच होती," वहिनी म्हणाली. "परवा बाहेरची झाली. आज परत आमची. उद्या काय? हिला बसू द्याल तर मी बसन. नायतर मासली दाजींनाच इकू द्या."

दाजींनी सत्यजीतरावांपुढे अक्षरशः हात जोडले. नियम त्याच बैठकीत मागे घेतला गेला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो तर वहिनी हेतलच्या नावाने शंख करत होती, भाव पाडते म्हणून. हेतल माझ्याकडे पाहून गोड हसली. मी मुकाट वहिनीकडे पापलेट मागितलं.

"वकील, आमच्या निकेशचा लगीन ठरला," तिने खूश होऊन सांगितलं. "माझ्यामागं सूनच बसनार या ओट्यावर."

"अरे वा! मुलगी कुठली?"

वहिनीने कोयता उचलला. "तो सवाल हितं परत नाय इचारायचा."