अकोल्याची भावजय

आमच्या अख्ख्या खानदानात माझ्या धाकट्या भावाच्या बायकोइतकं मला कुणीच दमवलेलं नाही, आणि या हिशेबात मी माझी सासूही धरलेली आहे. भाऊ-भावजय अकोल्याला, मी अमरावतीला. मधलं अंतर देवानं माझ्या रक्तदाबाचा विचार करूनच ठेवलं असावं. तरी ती अधूनमधून एकटीच येते. माहेर वरूडचं, त्यामुळे संत्र्याच्या झाडांवर बोलू लागली की समोर बारसं आहे की तेरवी, हे पाहत नाही. एका तेरवीला तर तिनं, जिचा नवरा गेला होता त्याच बाईला, झाडाच्या डिंक्या रोगाची सगळी लक्षणं समजावून सांगितली. मी दुरून डोळे वटारत होते. "ताई, डोळ्यात काई गेलं का तुमच्या?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

एकदा तिला शेजारच्या काकूंकडे नेलं. निघताना काकू रीतीप्रमाणे म्हणाल्या, "आता जेवूनच जा." ही पायातल्या चपला काढून परत आत जाऊन बसली. त्या दिवशी काकूंच्या घरी सगळ्यांना एकादशी. बिचाऱ्यांनी हिच्या एकटीसाठी कुकर लावला, आणि पहिली शिटी होताच ही दोन्ही कान दाबून अंगणात पळाली. घरी आल्यावर मी झापलं, "अगं, तसं नुसतं म्हणायचं असतं!"

"जेवू घालायचं नाई, तर म्हणतात काहून?"

ती वाद घालत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. लगेच तिचा फोन आला. "ताई, मले ऑटिझम आहे. बिमारी नाई, माहा मेंदूच असा आहे. लोकायच्या मनातलं मले आपोआप समजत नाई. तुमी सांगत जा." आणि फोन बंद. तेव्हापासून मी सांगू लागले, आणि माझे हाल वाढले. चारचौघांत हळूच "आता पुरे" म्हटलं की ती शब्द अर्धा तोडून गप्प होते, आणि सगळे माझ्याकडे पाहतात.

मागच्या महिन्यात तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. अकोल्याची गाडी लागलेली, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतायत, आणि ही पायरीशी थांबून विचारते, "ताई, तुमी माह्या मैत्रीण आहा, का नुसत्या नणंद?"

"असं कुणी विचारतं का?"

"मग समजते कसं?"

मागचा माणूस "चला ना बाई" म्हणून ढकलत होता. ती जागची हलेना. नेहमी जमिनीकडे पाहणारी, त्या क्षणी मात्र माझ्या हनुवटीपर्यंत तिची नजर आली होती.

"मैत्रीण आहे गं," मी म्हटलं. "चढ आता."

"बरं झालं. मले तसंच पाह्यजे होतं," म्हणाली आणि चढली. खिडकीतून हात वगैरे काही नाही. गाडी निघून गेली तरी मी फलाटावर उभीच होते. सख्खी बहीण, कॉलेजातली जिवलग, एवढंच काय, घरात बसलेला नवरा... किती जणांना कधीचं हेच विचारायचं राहून गेलं होतं, आणि त्यातल्या एकालाही विचारायची माझी छाती नव्हती.