लामकाकांचा कौल

आमच्या गावासमोरच्या भातखाचरांत आता कंटेनर रचून ठेवलेले असतात. तळी बुजली, लिचीची झाडं थोडकी उरली. पण गावामागची टेकडी अजून हिरवीगार आहे. पहाटे तिथून धुकं उतरतं आणि कापराच्या झाडांचा वास गल्लीगल्लीत येतो. टेकडीच्या पायथ्याशी, वडाखाली, भूमिदेवाचं ठाणं आहे. ठाण्याला टेकून एक दगड उभा आहे. दगडावर अक्षरं आहेत, पण ती गावात कुणी धड वाचली नव्हती, कारण त्यात काय लिहिलंय ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मागच्या रानातलं झाड तोडू नये. तोडलं, तर सगळ्या गावाला डुकराचं जेवण द्यावं. एवढं ठाऊक असल्यावर अक्षरं वाचत कोण बसणार?

हौ सिक-लाम बसले. त्यांचीच ही हकिकत.

आम्ही त्यांना लामकाका म्हणतो. त्यांचा उभा जन्म हिरव्या मिनीबसच्या चाकामागे गेला. गाव ते विद्यापीठाचं स्टेशन, आणि परत गाव. विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांनी विद्यापीठाच्या फाटकापाशी उतरवल्या, पण स्वतः त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत जाऊन काय करू? गाडी वळवायला जागा नाही."

मग वय झालं, हातातली गाडी सुटली आणि लामकाका घरी बसले. घरी फुंग-हिंगकाकू होत्या, त्यांचा स्वयंपाक होता, आणि आजवर त्या स्वयंपाकात कुणी नाक खुपसलेलं नव्हतं. लामकाका भांड्यांवरची झाकणं उचलून बघायला लागले. गॅस बारीक करायला लागले. "आलं जरा जास्त पडतंय का गं?" असं म्हणायला लागले. काकूंनी उन्हाळ्यापर्यंत सहन केलं. मग एके दिवशी त्यांच्या हातात छत्री दिली.

"जा."

"कुठे जाऊ?"

"जिथे एसी आहे आणि मी नाही, अशा कुठल्याही जागी जा. जेवायच्या आत तोंड दाखवू नकोस."

तसे ते विद्यापीठाच्या संग्रहालयात जाऊन पोचले. तिथे गार हवा होती, बसायला गादीच्या खुर्च्या होत्या आणि शनिवारची व्याख्यानं सगळ्यांना फुकट होती. त्या दिवशी विषय होता हजारेक वर्षांपूर्वीच्या सोंग राजवटीतल्या चहाच्या वाट्या. पाय पसरता यावेत म्हणून लामकाका पहिल्या रांगेत बसले आणि दिवे मालवल्याबरोबर झोपले. जागे झाले तेव्हा पडद्यावर एक काळी वाटी होती. काळ्या रंगात बारीक सोनेरी रेघा, रात्रीच्या पावसात गाडीच्या दिव्यांसमोर दिसतात तशा. लामकाका बघतच राहिले. घरी येऊन चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "आपल्याकडे काळी वाटी आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या, "कुत्र्याची."

त्या शनिवारपासून माणूस हातचा गेला. सुलेखन झालं, निसर्गचित्रं झाली, शिक्के कोरणं झालं, नाटकातल्या राण्यांचे झगे झाले. शनिवारी जे कानावर पडायचं ते रविवारी सगळ्या गावाच्या कानावर पडायचं. चहाच्या दुकानात वाफेची टोपली उघडली की लामकाका आधी टोपलीची वीण न्याहाळायचे, आणि तेवढ्यात आतली कोळंबीची करंजी दुसऱ्या कुणाच्या तोंडात गेलेली असायची. एकदा जेवताना त्यांनी काकूंना समजावलं की चित्रकार कागदावर मुद्दाम मोकळी जागा सोडतो, आणि खरं चित्र त्या मोकळ्या जागेतच असतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्यापुढे रिकामा वाडगा ठेवला.

"हे काय?"

"मोकळी जागा. खा."

पण खरा ताप चढला तो दगडी लेखांचे ठसे घ्यायला शिकवलं तेव्हा. शिकवणाऱ्या होत्या क्वानबाई. संग्रहालयाचे हे सगळे लोकांसाठीचे कार्यक्रम त्याच आखतात. शांत बाई, आवाज कधी चढत नाही. दगडावर पातळ कागद ओला करून बसवायचा, ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, आणि अर्धवट वाळला की शाई लावलेल्या कापडी पुरचुंडीने हळूहळू थोपटायचं. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. लामकाकांनी पहिला ठसा दगडावरून सोलून काढला आणि तान्ह्या बाळाला धरावं तसा दोन्ही हातांवर धरून घरी आणला.

मग त्यांनी कशाचा म्हणून ठसा घेतला नाही! भाजी चिरायच्या ओंडक्याचा घेतला, गटाराच्या झाकणाचा घेतला, सणाला मूनकेकची मिठाई पाडतात त्या साच्याचा घेतला. काकूंच्या दोऱ्यांवर कपड्यांऐवजी काळे कागद वाळायला लागले. चिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, सगळं घराणं टेकडीवर कबरी झाडायला गेलं. भाजलेलं डुक्कर मांडलं, दारूचे पेले भरले, आणि बघतात तर पणजोबांच्या कबरीवरच्या दगडाला लामकाकांनी ओला कागद चिकटवलेला! कागद वाळेपर्यंत कुणाला नमस्कार करता येईना. डुकराची कुरकुरीत साल मऊ पडली.

सातवे आजोबा हे आमच्या घराण्यातले सगळ्यांत वडील. कानाला यंत्र लावतात, पण नको ते ऐकू येत नाही आणि हवं ते भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. त्यांनी काठी आपटली. "पणजोबांच्या तोंडावर ओलं फडकं घातलंस! त्यांना सर्दी झाली म्हणजे? आजपासून या गावातल्या कुठल्याही दगडाला तुझा कागद लागता कामा नये."

लामकाकांनी मान खाली घातली. पण तोपर्यंत उशीर झाला होता. आदल्याच शनिवारी त्यांनी क्वानबाईंना आमच्या वडाखालच्या दगडाबद्दल सांगून टाकलं होतं.

"आजवर त्याचा ठसा कुणीच घेतलेला नाही?" बाईंनी विचारलं होतं.

"कुणी नाही. कोण घेणार? गावात जाणकार म्हणाल तर..." एवढं बोलून लामकाका विनयाने थांबले होते.

पुढच्या महिन्याचं पत्रक छापून आलं. गावभेट, दगडी लेखाचा ठसा, मार्गदर्शक श्री. हौ सिक-लाम. लामकाकांनी ते पत्रक आधी दुरून वाचलं, मग जवळून वाचलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव छापून आलं होतं. आजवर ते पहिल्या रांगेतून समोरच्या त्या उंच मेजाकडे बघत आले होते, जिथे दिवा असतो, पाण्याचा पेला असतो आणि एकच माणूस बोलत असतो. आता तिकडच्या बाजूला त्यांना उभं राहायचं होतं. फक्त एकदाच. हे ते कुणाला बोलले नाहीत. पत्रकं मात्र त्यांनी खाटकाकडे ठेवली, न्हाव्याकडे ठेवली, चहाच्या दुकानात प्रत्येक टेबलावर ठेवली. त्यातलं एक सातव्या आजोबांपर्यंत पोचणारच होतं.

आजोबांनी बोलावून घेतलं. "हे श्री. हौ सिक-लाम कोण?"

"मीच, आजोबा."

"असं होय. मला वाटलं कुणी शिकलेला माणूस असेल."

"आजोबा, छापून आलंय. लोक नावं नोंदवताहेत. आता नाही म्हटलं तर मी पुन्हा त्या दारात पाऊल कसं टाकू?"

आजोबा बराच वेळ चहा फुंकत राहिले. शेवटी म्हणाले, "दगड माझा नाही, तुझाही नाही. देवाचा आहे. त्यालाच विचार. कौल लाव, आणि त्या सगळ्यांच्या देखत लाव."

आमच्याकडे कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीसारखे, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर. देवाला प्रश्न सांगायचा आणि दोन्ही जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. आणि दोन्ही सपाट वर आले तर देव हसला. देव हसला म्हणजे प्रश्नातच काहीतरी खोट आहे. नीट विचार करून पुन्हा मांडावा.

त्या दिवशी संग्रहालयाची बस भरून माणसं आली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कागदाच्या गुंडाळ्या. सारा गाव जमला. काकूही आल्या, म्हणजे भाजी निवडता निवडता टोपली घेऊन वडाच्या पारावर बसल्या. लामकाकांनी लग्नानंतर पहिल्यांदाच कोट घातला होता. त्यांनी उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि पत्रकातल्या भाषेत खणखणीत आवाजात विचारलं, "हे भूमिदेवा! वारसा आणि संस्कृती यांच्या प्रसारासाठी या शिलालेखाचा ठसा घ्यावा काय?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट. देव हसला.

मागून कुणीतरी म्हणालं, "देवालाही भाषा कळली नाही वाटतं."

लामकाकांनी घाम पुसला. "हे भूमिदेवा! पुढच्या पिढीला ज्ञान मिळावं म्हणून..."

देव पुन्हा हसला.

"विद्यापीठाच्या विनंतीला मान देऊन..."

पुन्हा. आता पाहुण्यांतही खुसखुस सुरू झाली. क्वानबाई ओठ आवळून जमिनीकडे बघत होत्या. सातव्या आजोबांचं यंत्र अगदी उत्तम चाललं होतं. लामकाकांनी तुकडे पुन्हा गोळा केले. पुढच्या खेपेला नकार आला की कार्यक्रम संपला, बस परत, आणि शनिवार कायमचे बंद.

तेवढ्यात पारावरून काकू म्हणाल्या, "ए म्हाताऱ्या, देवाला पत्रक काय वाचून दाखवतोस? त्याच्या घरीही टाकलं असशील की एक. तुला काय हवंय ते सांग ना सरळ."

लामकाकांनी तुकडे कपाळाला लावले. मग इतक्या हळू बोलले की पुढच्यांनाच ऐकू आलं, आणि पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं.

"देवा, मला यातली निम्मी अक्षरं येत नाहीत. बाईंना सांगितलं येतात म्हणून. मला... मला नुसतं एकदा चार माणसांपुढे उभं राहून बोलायचंय. बोलू का?"

तुकडे पडले. एक सपाट, एक फुगीर.

पोरांनी टाळ्या पिटल्या. क्वानबाईंनी सुटकेचा श्वास टाकून कागद भिजवायला घेतला. त्यांचा ब्रश दगडापर्यंत पोचणार, तोच मधे आजोबांची काठी आली.

"बाई, थांबा. याने काय विचारलं?"

"होकार आला ना, आजोबा."

"आला. बोलू का म्हणाला, देव म्हणाला बोल. ठशाचं कुठे विचारलं?"

सगळे लामकाकांकडे बघायला लागले. लामकाकांचा चेहरा पडला. खरंच विचारलं नव्हतं.

"मग आता विचारतो," ते पुन्हा तुकड्यांकडे वाकले.

"खबरदार! होकार मिळाल्यावर त्याच दिवशी पुन्हा हात पसरतोस? पुढच्या शनिवारी ये." आजोबा आपल्या घडीच्या खुर्चीवर ऐसपैस बसले. "आता बोल. देवाने सांगितलंय तुला."

क्वानबाईंनी ओला कागद हळूच घडी करून ठेवला. बस संध्याकाळी यायची होती. सगळी माणसं जमिनीवर बसली आणि लामकाकांकडे तोंड करून वाट बघू लागली.

"आदरणीय पाहुणे," लामकाका म्हणाले, आणि संपले. ठसा कसा घ्यायचा ते सगळं त्यांनी पाठ केलं होतं. ठसाच नाही, तर बोलणार काय? वर झाडावर रातकिडे दिवसाढवळ्या किर्र ओरडत होते. लामकाका दगडाकडे वळले.

"आजोबा, हात लावायला कौल लागतो का?"

"हात लाव. कागद नको."

लामकाकांनी दगडावर तळवा ठेवला आणि बोटाने एकेक अक्षर वाचायला लागले. येत होतं ते वाचलं. येत नव्हतं तिथे म्हणाले, "इथे शेवाळ आहे." पुढे पुन्हा शेवाळ, त्याच्या खालीही शेवाळ.

चष्मेवाली एक मुलगी जवळ येऊन बघत म्हणाली, "काका, इथे तर शेवाळ नाहीये."

"नाहीये? मग अक्षर असेल. मला ते येत नाही."

सगळे हसले. लामकाकाही हसले, आणि त्या हसण्याबरोबर त्यांचा आवाज मोकळा झाला. पत्रकातला नाही, त्यांचा स्वतःचा.

"दगड म्हणतो झाड तोडू नका. माझ्या बापाने तोडलं. टेकडीच्या त्या समोरच्या घळीत कापराचं झाड होतं. माझ्या आत्याचं लग्न ठरलं आणि घरात तिला द्यायला काही नव्हतं. कापराची पेटी नसेल तर नवरी सासरी कशी जाणार? बापाने झाड तोडलं, पेटी केली, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून पंचांसमोर उभा राहिला. सगळ्या गावाला डुकराचं जेवण घातलं."

"डुक्कर नव्हतं," सातवे आजोबा म्हणाले.

"आजोबा, व्याख्यान कोण देतंय?"

"तू देतोयस. पण बदक मी खाल्लंय. बदकं होती. एक लंगडं होतं."

"बरं, बदकं. तुझ्याकडे डुक्कर कुठलं, असं म्हणून पंचांनी बदकांवर भागवलं. बाप त्यानंतर चारचौघांत कधी त्या घळीकडे बघायचा नाही. रोज पहाटे मात्र पाणी घेऊन तिकडेच जायचा. त्याने तिथे रोप लावलं होतं. ते बघा. ते उंच, तिरकं वाढलेलं."

सगळ्यांनी माना वळवल्या. वाऱ्यावर कापराची पानं पालटत होती, एकदा हिरवी, एकदा चंदेरी. चष्मेवाली मुलगी लिहायचं थांबली होती. लामकाका दगडावर हात ठेवून उभे होते, आणि माणसं त्यांच्याकडे, त्यांच्या बोटाकडे, बोट दाखवील तिकडे बघत होती. पाण्याचा पेला नव्हता. त्याची आठवणही झाली नाही.

"आत्याच्या माघारी ती पेटी आमच्याकडे परत आली, अजून घरात आहे," ते शेवटी म्हणाले. "उघडली की सगळी खोली घमघमते. बस. माझं एवढंच होतं. कुणाला काही प्रश्न?"

कुणी हात वर केला नाही. मग पारावरून एक हात वर गेला. हातात भाजीची जुडी होती.

"आत्याची पेटी?" काकू म्हणाल्या. "म्हणजे पितळी कडीची? माझ्या लग्नात सासूबाईंनी 'तुझ्यासाठी नवी करून आणली' म्हणून जी दिली, तीच का?"

लामकाकांनी कोटाचं बटण लावलं. क्वानबाईंकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं.

"फारच चांगला प्रश्न विचारलात," ते म्हणाले, "पण आपली वेळ आता संपलेली आहे."

"घरी ये," काकू टोपली उचलत म्हणाल्या. "तिथे वेळच वेळ आहे."