बेंबी जागेवरच होती

"दुखणं पोटात जाणवतंय, पण मूळ छातीत आहे," अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. "कोविड आहे. खोकला होता का?"

नव्हता. माझ्या मालकांना नुसती पोटदुखी, जुलाब आणि अंगात कणकण.

आमच्या पाटोद्याकडं पोट असं दुखलं की बेंबी सरकली म्हणतात. ती बसवायला सारी गल्ली माझ्याकडं येते. सासूबाईंनी शिकवलेलं. एरंडेल लावून पोट चोळायचं. नाडी बेंबीखाली मधोमध उडाली की बसली.

मालकांची नाडी पहिल्यापासून मधोमधच उडत होती. माझ्या बोटांना ते कळलं होतं. तरी मी चोळत राहिले. गल्लीची बसवते आणि घरच्या माणसाची बसंना, हे तोंडातून निघेना. दोन दिवस असेच घालवले. मग बोलताना त्यांना मधेच थांबून दम घ्यावा लागला, तेव्हा जीप सांगितली.

डॉक्टरांनी समजावलं, लोअर लोब न्यूमोनिया, म्हणजे फुफ्फुसाच्या तळाला सूज. तो तळ पोटाच्या वरच्या पडद्याला टेकलेला, म्हणून कळ पोटात येते. विषाणू आतड्यातही उतरतो, त्यानं जुलाब. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला प्राणवायू, कमी झालेला. लगेच ऑक्सिजन लावला.

पोटावरचे निळे डाग बघून डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

मालकांनी मास्क सरकवला. "म्याच चोळलं."

मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

पुढं वॉर्डाबाहेर चटईवर बसणं. सिस्टर ऑक्सिजनचा आकडा सांगायच्या. कमी सांगितला की भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवायची.

मालक घरी आले. त्या दवाखान्याचे उपकार फिटायचे नाहीत. जिना चढताना ते अजून थांबतात. डागांचं आम्ही कधी बोललो नाही. तुमच्या घरात पोटदुखीसोबत ताप असेल, दम लागत असेल, तर छाती तपासून घ्या. खोकल्याची वाट बघू नका.

मागच्या महिन्यात शेजारची सुमन पोट धरून आली. कपाळ तापलेलं. "काकू, बेंबी सरकली, बघा की."

बोटं ठेवली. "जागेवरच हाय. दवाखान्यात जा."

"तुमाला बसवता येईना म्हणा की," ती कण्हत हसली.

"येईना," मी म्हणाले.

ओट्यावर बसलेले मालक माझ्याकडं बघत राहिले. मग उठून चप्पल शोधू लागले. "थांब सुमन, रिक्षा बघतो."